मरणाचं भ्या

मरणाचं भ्या वाटलं म्हणजे भक्ती कमी पडली, असं आपल्यातच काहीजण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींनी आळंदीत समाधी घेतली. नामदेवरायांचे समाधीचे अभंग वाचा. निवृत्तिनाथांनासुद्धा शोक आवरला नाही. मग आपली काय कथा?

म्हणून दिंडीतलं कोणी अंथरुणाला खिळलं की आम्ही दोघं-दोघं पाळीनं जातो. 'घाबरू नका' म्हणत नाही. उशाशी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणतो. त्याला बोलावंसं वाटलं, तर थांबतो. शेताची वाटणी, लेकीशी धरलेला अबोला, रात्री दिवा मालवला की होणारी धडधड, सगळं ऐकून घेतो. निघताना घरच्यांना सांगतो, दिवा राहू द्या.