वास्तुविशारदाचे स्वतःचे घर : माँटेसिटोतील एक वारसा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांता बार्बरा शहराला लागून, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत माँटेसिटो वसले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ यांनी १९१६ च्या सुमारास तिथे स्वतःसाठी घर बांधले, तेव्हा ते वास्तुविशारद म्हणून ओळखले जात नव्हते. पेनसिल्व्हेनियात १८७६ मध्ये जन्मलेल्या स्मिथ यांनी हार्वर्डमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती, पण ते अर्धवट राहिले. कर्जरोख्यांच्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला आणि मग सगळे सोडून चित्रकार होण्यासाठी युरोप गाठले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते अमेरिकेत परतले. सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ मध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने ते कॅलिफोर्नियात आले आणि माँटेसिटोला स्थिरावले. नवे घर त्यांना हवे होते ते राहण्यासाठी आणि चित्रे काढण्यासाठी.

नमुना म्हणून त्यांनी दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाची शेतघरे समोर ठेवली. तिथल्या घरांत नक्षीकामाला फारसे स्थान नाही. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या, रुंद भिंती, त्यांत मोजक्या आणि खोल बसवलेल्या खिडक्या, कमी उताराचे छप्पर, त्यावर नळीची कौले आणि भिंतींच्या आडोशाला अंगण, एवढ्यावर ते घर उभे असते. स्मिथ यांनी हा साधेपणा चित्रकाराच्या नजरेने पाहिला. कोऱ्या भिंतीवर उन्हाची तिरीप कुठे पडेल, सावली कुठे सरकेल, एका बाजूच्या जड भिंतीला दुसऱ्या बाजूची लहानशी खिडकी कसा तोल देईल, हेच त्यांच्या रचनेचे मर्म होते. दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्या काळच्या श्रीमंत अमेरिकी बंगल्यांतील सजावटीच्या हौसेपुढे हे घर विलक्षण शांत दिसले.

लोकांना ते आवडले, आणि स्मिथ यांच्या चित्रांपेक्षा जास्त आवडले. शेजारीपाजारी तसेच घर बांधून मागू लागले. छंद म्हणून बांधलेल्या घराने मालकाचा व्यवसायच ठरवून टाकला. हे पहिले घर विकले गेले आणि पुढे हेबर्टन हाऊस या नावाने ओळखले गेले. स्मिथ यांनी १९२० मध्ये जवळच स्वतःसाठी दुसरे घर बांधले. १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या अवघ्या दहा-बारा वर्षांत त्यांनी या परिसरात कितीतरी घरे उभी केली. सांता बार्बरातील लोबेरो नाट्यगृह हेही त्यांच्याच कार्यालयाचे काम. १९२१ पासून तिथे काम करणाऱ्या लुटा मारिया रिग्ज पुढे स्वतः नामवंत वास्तुविशारद झाल्या. त्यांनीही माँटेसिटोत स्वतःचे घर स्वतःच रचले.

एखाद्या घराला वारसा का म्हणायचे, याचे निकष अमेरिकेत १९६६ च्या राष्ट्रीय जतन कायद्यानंतर घडत गेले. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत एखादी वास्तू घेताना चार गोष्टी पाहिल्या जातात : इतिहासातील घटनांशी संबंध, महत्त्वाच्या व्यक्तीशी संबंध, रचनेची गुणवत्ता आणि भविष्यात माहिती मिळण्याची शक्यता. वास्तुविशारदाने इतरांसाठी बांधलेली घरे सहसा रचनेच्या निकषात येतात. त्याचे स्वतःचे घर किंवा कामाची जागा मात्र व्यक्तीच्या निकषातही बसू शकते, कारण त्याच्याशी व्यक्तिशः सर्वाधिक जोडलेली जागा तीच असते. म्हणजे अशा घराचे मूल्य दुहेरी असते. स्मिथ यांच्या पहिल्या घराला तिसरी बाजूही आहे. त्याच्यामुळे एक चित्रकार वास्तुविशारद झाला आणि एका प्रदेशाच्या घरांचे रूप बदलायला हातभार लागला.

हे रूप पुढे संपूर्ण शहराने धरले. २९ जून १९२५ रोजी सांता बार्बराला भूकंपाचा मोठा तडाखा बसला आणि मुख्य बाजारपेठेचे अतोनात नुकसान झाले. पुनर्बांधणी करताना नागरिकांनी पांढऱ्या भिंती, कमानी आणि तांबड्या कौलांचे स्पॅनिश वळण जाणीवपूर्वक निवडले. नव्या इमारतींचे आराखडे तपासणारे मंडळही काही काळ काम करत होते. स्मिथ यांनी रचलेल्या ‘कासा देल एरेरो’ या घरात मालकांचे कुटुंब राहायला आले तो दिवसही भूकंपाचाच होता. ते घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

या शैलीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्पेनमधील शेतकऱ्याचे घर अमेरिकेतील श्रीमंताने उचलले, मग ती नक्कल वारसा कशी? आक्षेप अर्धा खरा आहे. सांता बार्बरातील स्पॅनिश मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र, १७८६ चे, आणि ते उभे राहिले चुमाश या मूळ रहिवाशांच्या श्रमांवर. विसाव्या शतकातील रम्य स्पॅनिश स्वप्नात त्या श्रमांचा आणि दुःखाचा उल्लेख क्वचितच येतो. वारशाची माहिती देताना हे सांगितलेच पाहिजे. पण स्मिथ यांचे घर नुसती नक्कल नाही. कोरडा उन्हाळा आणि हिवाळ्यातला पाऊस हे हवामान दोन्ही प्रदेशांत सारखे आहे, त्यामुळे सावलीचे अंगण आणि पांढरी भिंत इथेही उपयोगी पडते. शिवाय कुठलेही एक स्पॅनिश घर जसेच्या तसे उतरवलेले नाही. त्यातून घेतला आहे तो प्रमाणांचा विचार.

सिडनीचे लेस्ली विल्किन्सन याच वाटेने गेले. लंडनहून १९१८ मध्ये ते सिडनी विद्यापीठात वास्तुकलेचे प्राध्यापक म्हणून आले. व्हॉक्लूझ उपनगरात त्यांनी १९२३ च्या सुमारास ‘ग्रीनवे’ हे स्वतःचे घर बांधले, तेही भूमध्य सागरी वळणाचे. विद्यार्थ्यांना जे शिकवायचे ते स्वतः जगून दाखवण्याची ती जागा होती. सांता बार्बरा विषुववृत्ताच्या उत्तरेला जितके दूर, साधारण तितकेच सिडनी दक्षिणेला आहे.

अशी घरे जपणे मात्र अवघड असते, आणि त्याचे कारण त्यांच्या साधेपणातच आहे. नक्षीदार वाड्यातली एक खिडकी बदलली तरी वाड्याचा बाज टिकतो. जिथे सारे सौंदर्य कोऱ्या भिंतीत आणि खिडक्यांच्या मापात आहे, तिथे एक खिडकी रुंद केली, हाताने सारवल्यासारखा गिलावा काढून गुळगुळीत सिमेंट लावले, किंवा जुनी, कमीजास्त रंगांची कौले काढून एकसारखी नवी घातली, की घर संपले. बाग हीसुद्धा रचनेचाच भाग असते. भिंतीवर सावली टाकणारे झाड तोडणे म्हणजे दर्शनी भागच बदलणे. म्हणूनच अमेरिकी निकषांत स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, जाणवणारे वातावरण आणि इतिहासाशी नाते अशा सात अंगांनी वास्तूचा अस्सलपणा तपासतात.

कायद्याचे संरक्षणही वाटते तेवढे भक्कम नाही. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असले तरी स्वतःच्या पैशांनी घरात बदल करणाऱ्या, अगदी ते पाडणाऱ्या खासगी मालकालाही ती नोंद अडवू शकत नाही, आणि मालकाने हरकत घेतली तर नोंदच होत नाही. प्रत्यक्ष बंधन येते ते स्थानिक नियमांतून. माँटेसिटोत जमिनीचा भाव इतका चढला आहे की जुने घर पाडून मोठे बांधण्याचा मोह कायम राहतो. त्यात निसर्गाचा धोका आहे. डिसेंबर २०१७ च्या वणव्याने उघडे पडलेले डोंगर ९ जानेवारी २०१८ च्या मुसळधार पावसात चिखल आणि दगडांसह गावावर कोसळले. त्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि अनेक घरे उद्ध्वस्त झाली.

अशा वेळी कागदांचे मोल वाढते. स्मिथ यांच्या कार्यालयातील आराखडे सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात जपले आहेत. डेव्हिड गेबहार्ड या इतिहासकाराने १९६४ मध्ये त्यांच्या कामावर प्रदर्शन आणि पुस्तिका तयार केली, तेव्हा आधुनिक वास्तुकलेच्या भरात मागे पडलेले हे नाव पुन्हा अभ्यासकांसमोर आले. दुरुस्ती करणाऱ्याला मूळ खिडकीचे माप, कौलांच्या कडेची मांडणी, जिन्याच्या कठड्याचे वळण अशा रेखाटनांतून ताडून पाहता येते. घराचा नवा मालक ती रेखाटने पाहून काम करतो, की फक्त ‘स्पॅनिश शैली’ एवढेच ऐकून नव्या कमानी चढवतो, यावर त्या घराचे वारसामूल्य टिकणे अवलंबून राहते.