उपवास अन्नाचा, इन्शुलिनचा नव्हे



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, तत्त्वज्ञान ऐकता, राजकारणाचा खल ऐकता. आजचा आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या माणसाला हृदयाची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची असेल, तर त्याने आणि त्याच्या घरच्यांनी तयारी कशी करावी, एवढाच तो विषय. बोलण्याचा आमचा अधिकार वैद्यकाचा नाही, अनुभवाचा आहे. आम्ही गेली एकेचाळीस वर्षे इन्शुलिन टोचून घेत आहोत, आणि चार वर्षांपूर्वी आमच्यावर बायपासची शस्त्रक्रिया झाली. त्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून, वाचून आणि सोसून जे कळले ते आपणांपुढे ठेवतो. औषधाची मात्रा मात्र कोणी या व्याख्यानावरून ठरवू नये. ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीचे गृहस्थ, त्यांच्या गोळ्या, कारल्याचा रस आणि सकाळचे फिरणे उभे राहते. तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात शरीर इन्शुलिन तयार करीत असते, पण ते पुरे पडत नाही किंवा नीट लागू पडत नाही. पहिल्या प्रकारची गोष्ट निराळी. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. हा रोग बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो, पण त्याला वयाचे बंधन नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्शुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी हा रोग झालेली मुले काही महिन्यांत, फार तर थोड्या वर्षांत दगावत. तेव्हा इन्शुलिन हे आमचे नुसते औषध नव्हे. इतरांच्या शरीरात जे आपोआप पाझरते, ते आम्ही सुईने घालतो, इतकेच.

येथेच आजच्या विषयाचे मर्म आहे. कोणी म्हणेल, इन्शुलिन साखर जिरविण्यासाठी असते. खाल्लेच नाही तर ते कशाला? शंका स्वाभाविक आहे. आपला समाज एकादशी, चतुर्थी करणारा. उपासाच्या दिवशी साखरेची गोळी घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न घरोघरी निघतो आणि दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला पुष्कळदा 'आज घेऊ नका' असेच उत्तर मिळते. पण माणूस उपाशी असला तरी त्याचे यकृत स्वस्थ बसत नाही. ते रक्तात साखर सोडीतच असते. शरीरात इन्शुलिन मुळीच नसेल तर ही साखर पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले निर्माण होतात आणि काही तासांतच रक्त आम्लमय होऊ लागते. उलट्या, धाप, ग्लानी आणि वेळीच उपाय न झाल्यास मृत्यू, असा हा क्रम आहे. म्हणून पोट भरलेले असो वा रिकामे, पहिल्या प्रकारच्या रोग्याला थोडेतरी इन्शुलिन अष्टौप्रहर लागते. शस्त्रक्रियेपूर्वी उपवास असतो तो अन्नाचा. इन्शुलिनचा कधीच नव्हे. आजच्या व्याख्यानातले बाकी सर्व विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य घरी घेऊन जा.

आता हृदयाकडे वळू. साखरेचा त्रास वर्षानुवर्षे चालला की रक्तवाहिन्या कठीण होतात, अरुंद होतात. त्यातही मधुमेहाने मज्जातंतू बधिर झालेले असले तर हृदयाला रक्त कमी पडत असतानाही छातीत कळ येतेच असे नाही. नुसती धाप, नुसता थकवा, नुसते मळमळणे, एवढीच खूण मिळते. पित्त झाले असेल म्हणून घरचे लोक सोडा देतात आणि मोलाचा वेळ जातो.

हृदयाचे काम यंत्राकडे सोपवून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १९५३ च्या मे महिन्यात केली. पायाची शीर काढून हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिनीला वळसा घालण्याची रीत क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी १९६७ पासून रूढ केली. एकाहून अधिक वाहिन्यांचा विकार असलेल्या मधुमेही रोग्यांना स्टेंटपेक्षा बायपास अधिक लाभदायक ठरते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १९०० रोग्यांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. त्यातले बहुतेक रोगी दुसऱ्या प्रकारचे होते, हे खरे. तरी आम्हांलाही डॉक्टर बहुधा तोच मार्ग सुचवितात तो अशा पुराव्यांवरून.

शस्त्रक्रिया ठरली आणि हाती काही आठवडे असले तर ते वाया घालवू नयेत. लोक जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात, ती तपासणी करून घ्यावी. सवडीने करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ती शक्यतो ८ टक्क्यांच्या आत असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ती जास्त निघाली म्हणून घाबरून साखर धडाधड खाली आणू नये. त्याने एक तर साखर वारंवार फार उतरते, आणि डोळ्यांचा विकार असल्यास तो बळावूही शकतो. डोळे, मूत्रपिंडे आणि दात तपासून घ्यावेत. झडपेची शस्त्रक्रिया असेल तर दातांचे दुखणे आधी निस्तरावे लागते, कारण तेथले जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर बसण्याचे भय असते. पायांवर जखम, भेग, कुरूप असेल तर ते दाखवावे. शीर बहुधा पायातूनच काढावयाची असते आणि मधुमेह्याच्या पायाची जखम सावकाश भरते. तंबाखू असेल तर ती त्याच दिवशी सोडावी. श्वास आत ओढून तीन चेंडू उचलण्याचे यंत्र मिळते, त्याचा सराव शस्त्रक्रियेआधी करावा. नंतर छाती दुखत असताना तो शिकणे जड जाते.

यानंतरची तयारी कागदाची आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. एका पानावर, मोठ्या अक्षरात, स्वतःची माहिती लिहावी. पहिली ओळ अशी: 'मला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. इन्शुलिन पूर्ण बंद करू नये.' त्याखाली दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन कोणते, किती, किती वाजता. जेवणाआधीचे कोणते आणि किती. एका युनिटने आपली साखर साधारण किती उतरते. साखर कमी झाल्याचे आपल्याला कळते की नाही, कळले तर कोणत्या खुणेने. उठून उभे राहताच चक्कर येत असेल किंवा खाल्लेले अन्न तासन् तास पोटातच राहत असेल, तर तेही लिहावे. भूलतज्ज्ञाला या दोन गोष्टींचे फार महत्त्व असते, कारण त्यावरून रक्तदाब एकाएकी उतरण्याचा आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्याला जोखता येतो.

याच पानावर आणखी एक गोष्ट आलीच पाहिजे, आणि ती फार थोड्या रोग्यांना ठाऊक असते. बाटली हातात घोळवून घ्यावे लागणारे दुधाळ रंगाचे इन्शुलिन आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे घेतले आहे. त्या एनपीएच जातीच्या इन्शुलिनमध्ये, ते हळूहळू उतरावे म्हणून, प्रोटामीन नावाचे द्रव्य घातलेले असते. हेच प्रोटामीन हृदयशस्त्रक्रियेच्या अखेरीस शिरेतून देतात, कारण यंत्रात रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनचा उतारा तेच आहे. ज्याने पूर्वी दुधाळ इन्शुलिन घेतले आहे, त्याला या वेळी प्रोटामीन बाधण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. बहुतेकांना काही होत नाही, पण भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक असले तर तो सावध राहतो. म्हणून 'अमुक साली घेत होतो, आता बंद आहे' असे असले तरी लिहावे.

आदल्या रात्रीची आमची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. दहाच्या सुमारास खाटेपाशी आलेल्या सिस्टर मोठ्या मायेने म्हणाल्या, "काका, उद्या तुम्ही उपाशी आहात, साखरही ११८ आहे, तेव्हा आजचे इन्शुलिन राहू द्या." आमच्या पत्नीने उशाखालचे पान काढून त्यांच्या हाती दिले आणि म्हटले, "ताई, एकदा डॉक्टरांना विचाराल का?" त्यांनी विचारले. डॉक्टरांनी रात्रीची मात्रा बंद न करता कमी करून दिली. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्शुलिनची मात्रा अशा रात्री सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश ठेवण्याची पद्धत आहे. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी समजूत कोठेही आढळेल, कारण तिच्या मुळाशी हयगय नसते. ज्यांच्या हाताखालून जाणारे बहुतेक मधुमेही दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यांना नेहमीचा नियम आधी आठवतो. म्हणून त्यांच्यावर रागावू नये आणि आपण गप्पही बसू नये. शस्त्रक्रिया सकाळी पहिलीच लावावी, अशी विनंतीही करावी. उपवास जितका थोडा तितका बरा. उपवासात साखर उतरली तर पिशवीतला लाडू गुपचूप तोंडात टाकू नये. लगेच सांगावे, साखर शिरेतूनही देता येते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत शरीरावर मोठा ताण येतो, त्या ताणाची द्रव्ये साखर वर चढवितात आणि इन्शुलिनची गरज वाढते. म्हणून ते शिरेतून थेंब थेंब देतात आणि दर तासाला, वेळप्रसंगी त्याहूनही लवकर, रक्त तपासतात. कमरेचा पंप असेल तर तो बहुधा काढून ठेवतात. दंडावरच्या सेन्सरवर या वेळी विसंबत नाहीत. नंतर दुखण्यावर दिलेल्या पॅरासिटॅमॉलनेही काही जातींचे सेन्सर साखर आहे त्याहून जास्त दाखवितात.

साखर किती ठेवावी, याविषयी अमेरिकेतील पोर्टलंड येथे २४६७ मधुमेही रोग्यांचा अनुभव १९९९ साली प्रसिद्ध झाला. शिरेतून सतत इन्शुलिन दिल्यावर छातीच्या हाडाखालची खोल जखम चिघळण्याचे प्रमाण २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे त्यात आढळले. मग कोणाला वाटेल, साखर जितकी खाली तितके चांगले. तसे नाही. अतिदक्षता विभागांतील सहा हजारांहून अधिक रोग्यांच्या २००९ च्या अभ्यासात, साखर अगदी ८१ ते १०८ मध्ये बांधून ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. म्हणून आता ती १८० च्या आत, पण फार खाली नाही, अशी ठेवतात. घरच्यांनी १६० चा आकडा पाहून हाय खाऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर एक नाजूक क्षण येतो. शिरेतील इन्शुलिनचा अंमल ते बंद केल्यावर काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून कातडीखालचे दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन किमान दोन तास आधी दिलेले असावे लागते. रोगी त्या वेळी अर्धवट गुंगीत असतो. हे विचारण्याचे काम शुद्धीवर असलेल्या नातेवाइकाचे. "शिरेतले बंद करण्यापूर्वी कातडीखालचे दिले का?" एवढा एकच प्रश्न पाठ करून ठेवावा.

पुढे घरी आल्यावर भूक मंदावलेली असते आणि ताण ओसरू लागला की इन्शुलिनची गरजही उतरते. त्यातच हृदयासाठी दिलेल्या काही गोळ्या छातीची धडधड आणि हाताची थरथर झाकून टाकतात, त्यामुळे साखर उतरल्याची नेहमीची खूण मिळत नाही. घाम मात्र येतो, तो ओळखावा. ज्या मांडीतून शीर काढली तेथे सुई टोचू नये. काही दिवस हात भरून येतात, नजर ठरत नाही. तेव्हा घरातल्या एकाने तरी सुई द्यायला आधीच शिकलेले असावे.

कोणी विचारील, हे सर्व डॉक्टरांचेच काम नव्हे काय? होय, शस्त्रक्रिया त्यांची, मात्राही त्यांची. परंतु आमच्यासारख्यांचा रोग दिवसाचे चोवीस तास आमच्याच हाती असतो. पोळी किती, चालणे किती, युनिट किती, हा हिशेब दुसरा कोणी कधी केलेला नसतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो हिशेब आम्ही प्रथमच परक्या हातांत देतो आणि स्वतः बेशुद्ध होतो. देताना तो तोंडी, तुटक देण्यापेक्षा नीट लिहून द्यावा, हीच आमच्या मते रोग्याने करावयाची खरी तयारी. विश्वास ठेवणे आणि माहिती देणे या एकमेकींच्या आड येणाऱ्या गोष्टी नाहीत.

आणि असे पान लिहिण्यासाठी शस्त्रक्रियेची वाट कशाला पाहावी? अपघात, अपेंडिक्स, बाळंतपण, काहीही उद्भवू शकते. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी किंवा वर्गात इन्शुलिन घेणारे मूल असेल, तर आज रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच्या आईवडिलांबरोबर बसून ते पान लिहून काढा, त्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि औषधांच्या डब्यात ठेवा. व्याख्यान ऐकून टाळ्या वाजविल्यापेक्षा त्याने आम्हांला अधिक समाधान वाटेल.