मठाच्या फरशीतले जात्यांचे दगड
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



युरोपातल्या सरंजामशाहीवर शाळेच्या पुस्तकात दोन पाने असतात. किल्ला, चिलखत घातलेला सरदार, उंच मनोऱ्याचे चर्च. हे सगळे कोणाच्या धान्यावर उभे राहिले, ते त्या पानांत नसते. सगळा युरोप घेऊन बसलो तर रात्र पुरायची नाही. म्हणून एकच मुलूख घेतो, इंग्लंड, आणि एकच साल, १३८१.

त्या काळी तिथले पुष्कळ शेतकरी जमिनीला बांधलेली कुळे होती. आठवड्यातले दोन-तीन दिवस सरदाराच्या घरच्या शेतावर फुकट राबायचे. कापणी आली की दिवस वाढायचे, म्हणजे स्वतःचे पीक उभे असताना आधी मालकाचे कापायचे. गाव सोडायचे तर परवानगी, मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे. बाप मेला की गोठ्यातले सगळ्यात चांगले जनावर मालकाचे, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या नंबरचे चर्चचे. शिवाय चर्चचा दशांश. दर दहावी पेंढी, दहावे कोकरू, लोकरीचा दहावा वाटा.

आणि मठच जहागीरदार असला तर? लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचे गाव आहे. तिथला मठ मोठा, गावाचा मालकही तोच. दळण मठाच्याच चक्कीवर न्यायचे आणि त्यातला हिस्सा चक्कीवर ठेवून यायचा, असा नियम. लोकांनी घरोघर जाती ठेवली. १३३१ च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने ती सगळी जाती जप्त केली. हा कोणी अडाणी दांडगा नव्हता बरे. मोठा गणिती, ग्रहताऱ्यांची गती दाखवणारे घड्याळ रचणारा माणूस. त्याने त्या जात्यांच्या तळ्या मठाच्या बैठकीच्या दालनात फरशी म्हणून बसवून घेतल्या. येता-जाता गावकऱ्यांना आपल्याच जात्यावरून चालावे लागावे, यासाठीच की काय!

१३४८ मध्ये प्लेगची साथ आली. पुढच्या दोन वर्षांत तिसरा हिस्सा, काहींच्या हिशेबाने निम्मी माणसे गेली. राबणारे हात कमी झाले, मजुरी वाढली. बाजाराने पहिल्यांदाच गरिबाच्या बाजूने कौल दिला, तर सरकार लगेच आडवे आले. १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर गोठवली. जास्त मागेल त्याला शिक्षा. अंमलबजावणी कोणाकडे? राजाने नेमलेल्या न्यायाधीशांकडे, आणि ते बहुतेक जमीनदारच.

राजाचीही भूक वाढत होती. फ्रान्सशी १३३७ पासून लढाई चालू. सरदारांनी आणलेल्या फौजेवर आता भागत नव्हते, रोख पैसा हवा होता. म्हणून डोईपट्टी आली. १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स. १३८० मध्ये ठरली माणशी १२ पेन्स, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला. तेव्हा राजाचा मुख्य कारभारी होता सायमन सडबरी, आणि तोच कँटरबरीचा आर्चबिशप. दशांशवाला आणि पट्टीवाला एकाच अंगरख्यात!

लोकांनी काय केले? याद्यांतून माणसे गायब झाली. विधवा आई नाही, लग्नाची बहीण नाही. चार वर्षांत कर देणाऱ्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. मग तपासणीस आले, आणि ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवुडला ठिणगी पडली. एसेक्स आणि केंटचे शेतकरी लंडनकडे निघाले. पुढे वॉट टायलर, आणि तुरुंगातून सोडवलेला जॉन बॉल हा गरीब पाद्री. सुरुवातीला सगळी माणसे सारखीच निर्माण झाली, गुलामी नंतर माणसांनी अन्यायाने आणली, असे तो सांगत फिरे. वाटेत लोकांनी जहागिरीची दप्तरे शोधून जाळली. बरोबर शोधली. कोण बांधलेला आणि कोण मोकळा, हे त्या दप्तरांतच होते.

१४ जूनला १४ वर्षांचा राजा रिचर्ड दुसरा माइल एंडच्या मैदानात त्यांना भेटला. मागण्या साध्या होत्या. वेठ बंद, खंड एकरी वर्षाला ४ पेन्स, खरेदी-विक्री मोकळी. राजाने सगळे कबूल केले, कारकून बसवून सनदा लिहून दिल्या. त्याच दिवशी जमावाने सडबरीचे डोके उडवले. शहरात फ्लेमिश परदेशी माणसेही कापली गेली. त्यांनी कोणाचे काय घेतले होते? या गोष्टीचे समर्थन मी करणार नाही.

दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला राजासमोरच टायलरला मारले. त्याच दिवशी तिकडे सेंट ऑल्बन्सचे लोक मठात शिरले. त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा प्रसादासारखा वाटून घरी नेला. पन्नास वर्षांनी. जाती ज्यांची गेली त्यांतले बहुतेक तोवर मेले असतील, पण नातवंडांना दगड कुठे आहेत ते ठाऊक होते. हे लिहून ठेवले त्याच मठातल्या वॉल्सिंगहॅम नावाच्या साधूने, आणि तो लोकांचा कट्टर वैरी होता.

राजा चांगला, भोवतालचे कारभारी वाईट, ही त्या लोकांची पक्की समजूत. तिथेच ते फसले. सनदा हातात पडल्यावर एसेक्सचे बरेचसे लोक घरी गेले. २ जुलैला राजाने सनदा रद्द केल्या. १५ जुलैला जॉन बॉलला सेंट ऑल्बन्सलाच फासावर दिले. नोव्हेंबरात पार्लमेंट भरले. आमची कुळे आमच्या संमतीशिवाय राजालाही सोडता येणार नाहीत, असे जमीनमालकांनी सांगून टाकले.

पण प्लेगने गेलेली माणसे काही परत आली नाहीत. जमीन पडीक, राबायला कोणी नाही. एका गावात जाच झाला की कूळ रातोरात दुसऱ्या गावी जाई, आणि तिथला मालक काही न विचारता जमीन देई. हळूहळू मालकांनी घरची शेती खंडाने द्यायला सुरुवात केली, वेठीऐवजी रोख घेऊ लागले. शे-दीडशे वर्षांत बांधलेले कूळ शोधून सापडेना. वेठ बंद करणारा कायदा मात्र इंग्लंडच्या पार्लमेंटने कधी केलाच नाही.