निलंबन : एक घरगुती प्रकरण

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसापुढे ‘निलंबन’ हा शब्द नुसता उच्चारला, तरी त्याच्या डोळ्यांपुढे एक बंद पाकीट उभे राहते. त्यामागोमाग चौकशी येते, निर्वाहभत्ता येतो आणि शेजाऱ्यांच्या सहानुभूतीचे सुस्कारे येतात. परंतु यंत्रशास्त्राच्या मराठी परिभाषेत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. गाडीचे धड चाकांवर ज्या भुजांच्या आणि स्प्रिंगांच्या साहाय्याने तोलून धरलेले असते, त्या व्यवस्थेलाही निलंबनच म्हणतात. गॅरेजमधला मिस्त्री तिला सस्पेन्शन म्हणतो. श्रोतेहो, माझ्या घरी गेल्या पावसाळ्यात उद्भवलेले निलंबनाचे प्रकरण या दुसऱ्या जातीचे होते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

माझ्या मुलाच्या वाढदिवसासाठी मी रेडिओलहरींवर चालणारा एक रणगाडा आणला. टी-७२ या रशियन रणगाड्याची ती एक-षोडशांश प्रमाणातील प्रतिकृती होती. हाच रणगाडा मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यात ‘अजेय’ या नावाने बांधला गेला आणि आपल्या चिलखती दलाचा अनेक वर्षे कणा होऊन राहिला. मी नेमका हाच नमुना निवडला याला एक कारण होते. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते चिलखती दलात दफेदार होते आणि १९८०च्या दशकात राजस्थानच्या वाळूत त्यांनी हाच रणगाडा हाकला होता. आई गेल्यापासून ते नगरचे घर बंद करून दिल्लीला आमच्याकडे आले होते. जेवायला हाक मारली की येत, औषध दिले की घेत. त्याखेरीज त्यांचे आणि घराचे काही बोलणे उरले नव्हते. खेळणे नातवाचे असले, तरी माझा डाव आजोबांवर होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

डाव पहिल्याच दिवशी फसला. व्हरांड्याच्या उंबऱ्यापाशी येताच रणगाड्याने नाक वर केले, क्षणभर तो लाकडी पेटीसारखा ताठ उभा राहिला आणि पलीकडे आपटला. त्याची चाके जागची हलली नाहीत. तात्यांनी वर्तमानपत्रावरून एकदा पाहिले आणि म्हणाले, “पाटा आहे.” मग पुन्हा वर्तमानपत्र.

मूळ रणगाड्याची हुबेहूब नक्कल असूनही ही गाडी पाट्यासारखी का वागावी, याचा मी शोध घेतला आणि त्यात मोठी मौजेची गोष्ट हाती लागली. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे सोळाव्या हिश्शावर आणली, की वजन सोळाच्या तिहेरी गुणाकाराने, म्हणजे ४०९६ पटींनी घटते. खरा टी-७२ सुमारे ४१ टनांचा. त्याची इमानी नक्कल दहा किलोंची भरेल. परंतु त्याच पोलादाची स्प्रिंग तितकीच लहान केली, तर तिचा ताठपणा फक्त सोळा पटींनी कमी होतो. भार चार हजार पटींनी घटला आणि विरोध अवघा सोळा पटींनी! परिणाम असा, की आकाराच्या मानाने ती स्प्रिंग सोळापट ताठ ठरते. त्यात माझा नमुना बराचसा प्लास्टिकचा, वजनाने जेमतेम चार किलो. म्हणजे रूप उतरले तरी स्वभाव उतरत नाही. तो वेगळा घडवावा लागतो.

आता स्प्रिंगा मऊ कशा कराव्यात? मी एम.ए. झालेला मनुष्य, मला वाटले, लांब स्प्रिंगेत बळ जास्त, तेव्हा थोडी कापावी. पक्कड घेऊन बाराही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे मी तोडून टाकले. रणगाडा खाली बसला खरा, पण पूर्वीपेक्षाही आडमुठा झाला. मुलाचे डोळे भरून आले. आता नव्या स्प्रिंगा आणाव्या लागणार होत्या, आणि त्यांची निवड माझ्या हाती देण्याइतका त्याचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तात्या आमच्याजवळ येऊन जमिनीवर बसले होते. म्हणाले, “अरे, तुकडा तोडलास तर ती मऊ कशी होईल? आखूड स्प्रिंग जास्त ताठ. तितकेच दाबायचे, आणि दाब वाटून घ्यायला वेढे कमी. आमच्या गाडीत स्प्रिंगच नव्हती, पोलादी दांडी होती. चाकाची भुजा वर गेली की दांडीला पीळ पडायचा. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत गाडीच्या पोटाखालून जायची ती, उगाच काय? लांब दांडीला पीळ सोसतो.” आई गेल्यानंतर इतकी वाक्ये मी त्यांच्या तोंडून सलग ऐकली नव्हती.

पुढचे दोन रविवार व्हरांड्यात कारखाना होता आणि मी त्यातला उमेदवार होतो. वेगवेगळ्या जाडीच्या तारेच्या स्प्रिंगा जुन्या बाजारातून आल्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक स्प्रिंग दाबून किती ग्रॅमला किती मिलिमीटर दबते, हे नातवाने वहीत मांडले. चार किलोंचा भार बारा चाकांवर, म्हणजे दर चाकाला सुमारे ३३० ग्रॅम. चाकाची एकंदर हालचाल पंधरा मिलिमीटर. तात्यांचा नियम असा, की गाडी नुसती उभी असताना त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे पाच मिलिमीटर, खर्ची पडलाच पाहिजे. मला याचे कारण उमगेना. तेव्हा ते म्हणाले, “उंचवट्यावर चाक वर जाते हे सगळ्यांना दिसते. पण खड्डा आला तर? आधी दबलेले असेल तरच ते खाली उतरून जमीन धरील. नाहीतर एक चाक अधांतरी, आणि त्याचा भार शेजाऱ्यावर.”

भार सर्वांवर सारखा आहे का, हे पाहण्याची त्यांची युक्ती सोपी होती. पट्टे उतरवून गाडी काचेच्या टेबलावर ठेवायची, प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवायची आणि एकेक ओढून पाहायची. मधल्या पट्ट्या अलगद निघाल्या, मागच्या हलेनात. मोटारी आणि गिअर मागे असल्याने वजन तिकडे कलले होते. बॅटरी पुढे सरकवली, शेवटच्या चाकाला जाड तारेची स्प्रिंग दिली, मधल्यांना मऊ दिली. पहिल्यालाही थोडी ताठ दिली, कारण गाडी एकदम थांबली की नाक तिथेच झुकते. खऱ्या टी-७२ लासुद्धा सहापैकी पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या चाकालाच झटके जिरवणारी वेगळी साधने असतात, ही माहिती ओघात मिळाली. सर्वांना सारखाच नियम लावण्याची सवय झालेल्या माझ्यासारख्याला हे जरा जड गेले. भार सारखा वाटायचा, तर स्प्रिंगा सारख्या असून चालत नाहीत.

पट्टा ताणण्याचे काम मात्र त्यांनी अखेरपर्यंत करू दिले नाही. आधी चाके, मग पट्टा, हा क्रम. कारण चाकांची उंची बदलली की पट्ट्याचा ताणही बदलतो. पुढचे चाक सरकवून पट्टा फार आवळला, तर तोच चाकांना वर दाबून धरतो, केलेले सारे काम वाया जाते आणि गिअरचे दाते झिजतात. फार सैल ठेवला, तर वळणावर दात्यांच्या चाकावरून उतरतो. वरच्या बाजूस किंचित झोळ दिसावा, इतपतच ताण त्यांनी ठेवला.

परीक्षेसाठी मी माझी सेवानियमांची जाडजूड पुस्तके व्हरांड्यात उंचसखल मांडली. रणगाडा पहिल्या पुस्तकावर आला. पहिले चाक उचलले गेले, मग दुसरे, मग तिसरे. धड मात्र जवळजवळ सपाट राहिले. दोन पुस्तकांमधल्या फटीत एकेक चाक खाली उतरून पुन्हा वर आले. मुलाने न बोलता नियंत्रकाची पेटी आजोबांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा कापत होता, पण गाडी कापली नाही. “चालवताना पहिल्या चाकाला खड्डा लागला की माझ्या पाठीला कळायचे,” ते म्हणाले, आणि नातवाला वाळवंटातल्या रात्रीची एक हकीकत सांगू लागले. ती मीही कधी ऐकली नव्हती.

नगर शहराला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले. तिथे १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. दिवाळीत तिकडे जाऊन खऱ्या गाड्यांची चाके मोजायची, असे आजोबा-नातवाचे ठरले आहे. मीही बरोबर जाणार आहे. बंद घराची किल्ली तात्यांनी स्वतःच माझ्याकडून मागून घेतली.