समुद्रातील शेवाळ आणि उपग्रहाची नजर
(भाषणाचा मजकूर)



पिकात तण माजले की ते बांधावरून दिसते. भर समुद्रात शेवाळ माजले, तर ते पाहणार कोण? हे काम आता उपग्रह करतात. त्याचे चीनमधील एक उदाहरण आपण पाहू.

२००८ च्या जूनमध्ये चिंगदाव शहराचा किनारा हिरव्या शेवाळाने भरून गेला. ऑगस्टमध्ये तेथेच ऑलिंपिकच्या शिडांच्या होड्यांच्या शर्यती व्हावयाच्या होत्या. हजारो माणसे आणि होड्या लावून सुमारे १० लाख टन शेवाळ काढावे लागले.

ते आले कोठून, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी आधीच्या दिवसांची उपग्रहचित्रे तपासली. हिरवी वनस्पती लाल किरण शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण परतविते. पाणी मात्र हे अवरक्त किरण जवळजवळ सर्व शोषते. त्यामुळे अशा चित्रात समुद्र काळा आणि तरंगते शेवाळ उजळ पट्ट्यांसारखे दिसते. ‘मोडिस’ या उपकरणाच्या चित्रातील एक ठिपका २५० मीटर लांब-रुंद, म्हणजे सव्वासहा हेक्टरांचा असतो. त्याहून बरेच लहान पुंजके सुटू शकतात. ढग असल्यास खालचे दिसत नाही. तेव्हा रडारची चित्रे उपयोगी पडतात. शेवाळाची जात ओळखण्यास मात्र नमुना आणावाच लागतो.

चित्रांवरून माग दक्षिणेकडे जिआंग्सू प्रांताच्या किनाऱ्याकडे गेला. तेथे उथळ पाण्यात जाळ्यांवर पोर्फिरा या खाद्य शेवाळाची शेती होते. हंगामाच्या शेवटी जाळ्या व दोर साफ करताना त्यांवर वाढलेले ‘अल्वा’ हे हिरवे शेवाळ खरवडून पाण्यातच टाकले जाई. ते तरंगत राहिले. नत्र-स्फुरदाने पुष्ट झालेल्या पाण्यात, वारा व प्रवाहाबरोबर उत्तरेकडे जाता जाता ते वाढत गेले.

मित्रहो, टाकणाऱ्यांना ते वाहून गेलेले दिसले. पुढचे नुकसान दिसले नाही. खुरपलेले तण बियांसह पाटात टाकले, तर ते खालच्या शेतात उगवते. जास्तीचे नत्रही पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, नदीत आणि शेवटी समुद्रात जाऊ शकते. म्हणून माती परीक्षण करून खत गरजेइतकेच आणि हप्त्याहप्त्याने द्यावे. काढलेले तण बी धरण्यापूर्वीच कंपोस्ट खड्ड्यात टाकावे.

उपग्रह रोग दाखवितो. उपाय आपल्या हातात आहे.