मॅग्नेशियमचे केसिंग रंगवण्याआधी

मॅग्नेशियम हे नाव आपल्या नेकनूर गावच्या शेतकऱ्याला नवे नाही. कपाशीवर लाल्या दिसू लागला की आपण खताच्या दुकानातून मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारतो. पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध याच मूलद्रव्याचा अणू बसलेला असतो. आज बोलायचे आहे ते याच्या धातुरूपाबद्दल. लाकूड कापायच्या चांगल्या चेनसॉचे क्रँककेस पुष्कळदा मॅग्नेशियमचे असते. जुन्या फोक्सवॅगन बीटलचेही होते. कारण एकच, वजन. पाण्याच्या तुलनेत लोखंड 7.87 पट जड, ॲल्युमिनियम 2.7 पट आणि मॅग्नेशियम फक्त 1.74 पट. दिवसभर यंत्र हातात धरणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो.

पण दिसायला ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सारखेच, आणि तिथेच घात होतो. काही वर्षांपूर्वी चेनसॉचे एक केसिंग रंगवण्याआधी साफ करायला मी एका वर्कशॉपमध्ये दिले. ॲल्युमिनियम उजळायचे ॲसिड त्यांच्याकडे तयारच होते. केसिंग आत सोडताच ते फसफसायला लागले. बाहेर काढले तेव्हा काळे पडलेले, आणि बेअरिंगची बैठक इतकी खाल्लेली की बेअरिंग बोटाने आत-बाहेर होत होते. धातू कोणता हे मीही सांगितले नव्हते, याची रुखरुख अजून आहे.

म्हणून आधी ओळख पटवा. न दिसणाऱ्या जागी केसिंग थोडे खरवडा आणि चायनीजच्या गाड्यावर असते त्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. ॲल्युमिनियमवर थेंब नुसता बसून राहतो. मॅग्नेशियमवर लगेच बारीक बुडबुडे उठतात. तो हायड्रोजन. थेंब लगेच धुऊन पुसा.

या दोन धातूंचे स्वभाव उलटे आहेत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, मॅग्नेशियमला जवळजवळ काही करत नाही. ॲसिड मात्र मॅग्नेशियमला बघता बघता संपवते. तेव्हा तेलकटपणा आधी रॉकेलने काढा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात केसिंग घासा. पिस्टन, कार्ब्युरेटर असे ॲल्युमिनियमचे भाग त्याआधीच उतरवलेले हवेत. पांढरी भुकटी धरलेली जागा नायलॉनच्या ब्रशने किंवा ओल्या पॉलिश पेपरने काढा. लोखंडी वायर ब्रश नको. त्याचे कण धातूत रुततात आणि प्रत्येक कणाभोवती पुढे खड्डा पडतो.

कोरडे घासून पडलेल्या भुग्याला तर फार जपा. मॅग्नेशियमचा कीस ठिणगीनेही पेटतो, आणि पेटल्यावर पाणी मारले तर त्या पाण्यातूनच हायड्रोजन सुटून आग भडकते. 1955 साली फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. त्या गाडीची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, आणि पाण्याने तिची आग आणखी पेटली. कामाच्या जागी झाकण लावलेली कोरडी वाळूची बादली ठेवा. वाळू ओली असेल तर ती नसलेलीच बरी.

धुतल्यावर केसिंग तसेच रात्रभर ठेवू नका. ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. केसिंग गरम केले की ते घामासारखे बाहेर येते. पुसा, पुन्हा गरम करा. डाग येणे थांबले की हातमोजे घालून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. ॲल्युमिनियमवर मारतात तो ॲसिडवाला एच प्रायमर इथे नको. कारखान्यांत प्रायमरआधी क्रोमेटचा थर देत आले आहेत. तो धातूला धरतो छान, पण त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोग करते. घरच्या अंगणात त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि बोल्ट. लोखंडी बोल्ट थेट मॅग्नेशियमवर आवळला की ओल लागताच त्याच्याभोवतीचा धातू झिजू लागतो, वरचा रंग चकाकत असला तरी. म्हणून बोल्टच्या डोक्याखाली ॲल्युमिनियमचा वॉशर घाला, आट्यांना ग्रीस लावा, आणि पावसाळ्यानंतर एक बोल्ट उघडून भोकाची कड बघा. तिथे पांढरी भुकटी दिसली तर बाकीचे बोल्टही त्याच दिवशी उघडा.