अर्धा दिवस समुद्रात, जेवण धरून

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या आम्ही चौदा जणी आज तुमच्याशी बोलतोय. माईकसमोर आवाज एकीचा आहे, पण कागद सगळ्यांनी मिळून लिहिला आहे. विषय असा, की होडीत बसून समुद्रात जायचं, डोळ्यांवर काच अन् तोंडात नळी लावून पाण्यात तोंड बुडवायचं, खालचे मासे पाहायचे आणि दुपारी आयतं जेवायचं. सगळं अर्ध्या दिवसात. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. टाकी पाठीवर बांधून खोल जातात ते वेगळं, त्याला स्कूबा म्हणतात. आपलं हे वरच्या वर तरंगायचं काम.

क्रिकेटमुळे आपल्या पोरांना वेस्ट इंडीज माहीत आहे ना, त्या कॅरिबियन बेटांवर असल्या सहलींचा मोठा धंदा चालतो. सकाळी होडी निघते, जेवण तिकिटातच असतं. तितक्या लांब जायची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणला हे होतं. बडनेऱ्याहून नागपूर–मडगाव गाडी धरली की दुसऱ्या दिवशी कुडाळ, आणि तिथून एसटीने मालवण.

पैशाचं आधी सांगतो, कारण सगळ्याजणी तेच विचारतात. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. ती बचत कर्जासाठी आहे, कोणाच्या बियाण्यासाठी, कोणाच्या लेकीच्या फीसाठी. सहलीचा डबा वेगळा केला. दर महिन्याला दोनशे रुपये, दोन वर्षं. कापूस वेचणीच्या दिवसांत दोनशे काढणं जमतं, उन्हाळ्यात जड जातं. एखादीचा महिना चुकला तर दिवाळीनंतर भरून घ्यायचा, असं ठरवलं होतं. घरी काही जणींना ऐकावं लागलं, की एवढ्या पैशात शेळी आली असती. आली असती, खरं आहे. शेळ्या आमच्याकडे आहेतही.

पण पैशापेक्षा मोठी अडचण भीतीची होती. आपल्या जिल्ह्यात १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती ती. आमच्यातल्या एकीचं माहेर त्या भागातलं. बैठकीत समुद्राचं नाव निघालं तेव्हा ती उठून बाहेर गेली. परत आली अन् एवढंच म्हणाली, "जाऊन राह्यल्या तं जा. पण नाव कोणाची, किती माणसाची, हे विचारल्याबिगर चढू नका." मालवणकडेही अपघात झालेला आहे. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी बुडाली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे तिचं भिणं काही फुकाचं नव्हतं. आपल्याला पाणी माहीत ते कौंडण्यपूरला कार्तिकात वर्धेत कमरेपर्यंत, नाहीतर मालखेडच्या तलावाच्या काठावरून. पोहता येणारी चौदा जणींत एक होती, तीही विहिरीत शिकलेली.

तर तिच्या त्या एका वाक्यावरून आम्ही कागद केला. होडीला परवाना आहे का? त्यावर माणसं किती लिहिली आहेत? प्रत्येकीला जॅकेट आहे का, आणि ते धक्क्यावरच घालून देता की होडीत पडून असतं? पाण्यात सोबत उतरणारा माणूस किती जणींमागे एक? वारा वाढला तर फेरी रद्द करता का, आणि पैसे परत देता का? जेवणात शाकाहारी वेगळं शिजवता का? असे प्रश्न. मुक्कामाच्या घरून फोन केले. पहिल्या फोनवाल्याने सांगितलं, "ताई, जॅकेटची गरज नसते हो, आमची माणसं असतात." आम्ही फोन ठेवला. दुसऱ्याने माणसांचा आकडा सांगायला इतका वेळ लावला की त्यालाही राम राम केला. तिसऱ्याने सगळं सरळ सांगितलं, आणि वर उलटा प्रश्न केला, की तुमच्यात दम्याची, हृदयाच्या दुखण्याची, ब्लडप्रेशरवाली, गरोदर, नुकतं ऑपरेशन झालेली कोणी आहे का. तिथेच आमचं ठरलं. जो आपल्याला विचारतो, त्याच्या होडीत बसायला हरकत नाही.

तयारी घरून केली होती, ती ऐकून हसाल. घमेल्यात पाणी घ्यायचं, तोंड बुडवायचं आणि मनात अंक मोजायचे. एका काकूंनी नातवासमोर हे सुरू केलं तर पोट्टं ओरडत बाहेर पळालं, "आजीले काही तरी झालं व!" पण याचा उपयोग झाला. पाण्यात तोंड घातल्यावर जी पहिली घाबर सुटते, ती घरीच सुटून गेली. दुसरी गोष्ट कपड्यांची. साडी पाण्यात पायाला गुंडाळते आणि भिजली की ओढते, म्हणून पंजाबी ड्रेस, ओढणी नाही, आणि अंगाबरोबरचा असेल तर बरा. सासू-सासऱ्यांसमोर आयुष्यात ड्रेस न घातलेल्या तीन जणी होत्या. त्यांनी ते कपडे मालवणात घेतले आणि चांदूरला येऊन कपाटात ठेवले. त्यावर आम्ही काही बोललो नाही. पाळीच्या तारखा आधी जुळवून पाहा, एवढंही सांगून ठेवतो.

महिना पाहून जा. पावसाळ्यात साधारण मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्रातले हे खेळ बंद असतात. आम्ही रथसप्तमी झाल्यावर, संक्रांतीची हळदीकुंकवं आटोपून आणि हरभऱ्याची सोंगणी लागायच्या आत गेलो. थंडीत पाणी निवळ असतं. सकाळी वारा कमी असतो म्हणून होडी सकाळची घ्यावी. पोटात हलकं काही असावं. उपाशी गेली तरी मळमळतं, तर्री-पोहे हाणून गेली तरी मळमळतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, चढायच्या आधी.

सकाळी धक्क्यावर प्रत्येकीला नारिंगी जॅकेट चढवलं. पट्टे ओढून, खांद्याला धरून वर उचलून पाहिलं, की निसटत तर नाही. होडी चालवणाऱ्याला तिकडे तांडेल म्हणतात. समोरच सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं आणि १६६७ पर्यंत तो उभा झाला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आम्ही आदल्या दिवशी आत जाऊन आलो होतो. मार्चपासून टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला त्या विहिरींपुढून पाय उचलवत नाही, दुसरं काय सांगावं.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला, खडकांजवळ होडी थांबली. हा सगळा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. आपल्याकडे मेळघाट जसं वाघाचं, तसं हे पाण्याखालचं.

आता उतरायचं कसं ते. काच नाकासकट डोळे झाकते, म्हणून नाकाने श्वास घेता येत नाही. तोंडानेच घ्यायचा, नळी दातांत धरून, ओठ आवळून. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी लावून धुतात. ऐकून किळस वाटली, पण लावली. चष्मा आत बसत नाही, हे जाड चष्मेवालीने ध्यानात ठेवावं. नळीत पाणी आलं तर जोराने फुंकायचं, चूल फुंकतो तसं. आमच्यातल्या सगळ्यांना हेच सगळ्यांत लवकर जमलं. खारं पाणी माणसाला गोड्या पाण्यापेक्षा जास्त वर धरतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं. घरी पाहायचं तर ग्लासभर पाण्यात कच्चं अंडं टाका, बुडेल. मीठ घालत घालत ढवळा, वर येईल. समुद्र तेवढा दाट नाही, पण गोष्ट तीच. वरून जॅकेट, आणि शेजारी दोर बांधलेलं मोठं रबरी कडं. दोघी-दोघींनी ते धरायचं, आणि मधे पोरगा.

पहिली उतरली ती विहिरीत पोहणारी. मग एकेक. सगळ्यांत मोठ्या काकू, साठी उलटलेल्या, शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या ते थांबल्याच. तांडेल म्हणाला, "काकी, काय्येक होवचा नाय." काकूंनी त्याला विचारलं, "तुही माय उतरली काय रे कधी?" तो हसला आणि खरं बोलला, की नाही उतरली. काकू म्हणाल्या, "मंग तिलेही आण एक दिवस," आणि सोडला हात.

खाली काय दिसलं? आधी आपलाच श्वास ऐकू येतो, मोठ्ठा. मग उजेड. मग पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले तळहाताएवढे मासे, झुंडीने, अगदी काचेजवळ. खडकावर गोल गोल गाठींसारखं काही तरी, तपकिरी, हिरवट. तेच प्रवाळ. आम्हाला वाटलं दगड. पण ते जिवंत असतं. सुईच्या टोकाएवढाले, कुठे नखाएवढाले असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपापल्या बुडाशी चुन्याचं घर बांधत जातात. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढ. आपला पाय पडला की काही वर्षांची वाढ गेली. मंगळसूत्रात आपण ओवतो ते लाल पोवळंही याच गोतावळ्यातलं, पण ते बहुतेक भूमध्य समुद्रातून येतं, इथलं नाही. इथलं प्रवाळ तोडणं किंवा उचलून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शोकेससाठी तुकडा घ्यायचा मोह एकीला झाला होता, म्हणून मुद्दाम सांगतोय.

काही होडीवाले मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकतात. आमच्याने टाकला नाही, मासे तरी आले. नांगराचंही आम्ही विचारलं. तिकडे कॅरिबियनमध्ये बोनेअर नावाचं बेट आहे. त्याच्या भोवतालचा समुद्र १९७९ पासून राखीव आहे, आणि तिथे होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकायचा नसतो, पाण्यात कायम बांधलेल्या तरंगत्या खुणेला दोर बांधायचा असतो. नांगर ओढला गेला की खालचं सगळं खरवडून निघतं. आमच्या तांडेलाने नांगर बाजूला, वाळूत टाकला. सगळेच तसं करत असतील असं आम्हाला वाटत नाही. विचारावं. विचारलं की पुढच्या वेळी तो आधीच दाखवतो.

माहेर वरूडकडलं असलेली आमची मैत्रीण पाण्यात उतरली नाही. तिला कोणी आग्रह केला नाही. होडीच्या कडेला बसून ती डोकी मोजत होती. तेरा. परत तेरा. मधे एकदा बारा झाली तेव्हा तिने असा आवाज दिला की तांडेलच उडी मारायला निघाला. तेरावी कड्याच्या मागे होती, तोंड पाण्यात घालून, मासे पाहण्यात गुंग. वर आल्यावर तिने सगळ्यांना हात लावून लावून मोजलं.

जेवण तांडेलाच्या नात्यातल्या एका घरी होतं, किनाऱ्यापासून चार पावलांवर. मासे खाणाऱ्यांना तळलेली सुरमई आणि आमटी. माळकरी होत्या त्यांना वेगळ्या भांड्यातली काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, भात, सोलकढी. नारळाच्या दुधात कोकम घालून केलेली गुलाबी सोलकढी पहिल्या घोटाला विचित्र वाटते, दुसऱ्या वाटीला आपण मागतो. तिखट आपल्याला कमीच, म्हणून पिशवीतला ठेचा काढला. घरच्या बाईंनी चाखला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. गंमत जेवणाची नव्हती पण. पान वाढून समोर आलं, आणि चौदा बाया हात धुऊन नुसत्या बसल्या. दोन जणी वाढायला उठल्याच. त्यांना घरच्या बाईंनी खांद्याला धरून खाली बसवलं. गरम आंबोळी तव्यावरून थेट आपल्या पानात पडते, हे आमच्यातल्या एकीला लग्नानंतर पहिल्यांदा घडलं. ती तसं म्हणाली, आणि मग कोणी काही बोललं नाही थोडा वेळ.

आणखी एक सांगायचंय. दुसऱ्या दिवशी आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया २०१७ पासून कांदळवनातून होडीची सफर घडवतात. खारफुटीची झाडं, त्यांची वर आलेली मुळं, खेकडे, पक्षी, सगळं त्या स्वतः समजावून सांगतात. आपल्यासारखाच गट, आपल्यासारखंच रजिस्टर. होडी वल्हवतात बायाच. वरूडकडली आमची मैत्रीण त्या होडीत बसली, पहिल्या बाकावर. बसायच्या आधी माणसं किती घेता, हे विचारून.

प्रश्नांचा तो कागद आम्ही स्वच्छ लिहून काढला आहे. समुद्राला न जाता धरणावर, तलावावर नावेत बसायचं असलं तरी तोच चालतो. ज्या गटाला पाहिजे त्यांनी गुरुवारी आमच्या बैठकीला यावं, झेरॉक्सचे पैसे आपले आपण. डब्यात या महिन्यापासून परत दोनशे रुपये टाकायला सुरुवात झाली आहे. काकू म्हणतात पुढच्या वेळी तांडेलाची माय उतरली का, ते पाहायला जायचं. नमस्कार.